काळा गंधार, पांढरा निषाद

"कोण लावतंय गं पेटी?" आईनं आतल्या खोलीतून विचारलं.

पेटी कुणीच लावत नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून आलेल्या एका चित्राचा आवाज कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला होता, तो मी लावला होता आणि स्पीकरजवळ फोन उभा करून ठेवला होता. फोनवर रोबोट३६ हे ॲप चालू होतं. त्याच्या काळ्या पडद्यावर वरून खाली, ओळीमागून ओळ, एक चित्र उमटत होतं. स्लो स्कॅन टेलिव्हिजनशी, म्हणजे आवाजातून सावकाश चित्र पाठवण्याच्या पद्धतीशी, माझी ही पहिली भेट.

आई भिंतीला हात लावत बाहेर आली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आता बराच पुढे गेलाय. समोरचं, मधलं असं तिला दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं. चाळीसेक वर्षं तिनं साताऱ्यात मुलांना पेटी शिकवली. ती खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि मिनिटभर ऐकून म्हणाली, "सा आहे बघ. पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधला. पेटीत मिळायचा नाही. दर मात्रेला येतोय. आणि वर गंधार आहे. चांगला आहे गंधार."

मी ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. कुणी आकडा दिला की मांडून बघायची सवय जात नाही. त्या रात्री कागद घेऊन बसले.

स्लो स्कॅन टीव्हीत, हौशी रेडिओवाले (छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे) ज्याला एसएसटीव्ही म्हणतात त्यात, चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वर. ठिपका जितका उजळ तितका स्वर उंच. पूर्ण काळा म्हणजे सेकंदाला १५०० कंपनं, म्हणजेच १५०० हर्ट्झ, पूर्ण पांढरा म्हणजे २३००. ओळ कुठे सुरू होते हे कळावं म्हणून प्रत्येक ओळीला १२०० कंपनांचा एक छोटा ठोका. चित्रातला कुठलाही ठिपका १५००च्या खाली उतरत नाही, त्यामुळे ठोका आणि चित्र यांची गल्लत होत नाही.

आता १२००ला सा धरा. १५०० भागिले १२०० म्हणजे पाच-चतुर्थांश. हा शुद्ध गंधार. पेटीवरचा सुद्धा नाही, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार किंचित चढा असतो. हा त्याहून खरा, तंबोरा नीट लागला की कुणी न छेडता आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार. त्याचं गुणोत्तर हेच, पाचास चार. आणि २३०० येतो निषादाच्या थोडासा वर. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं सगळं चित्र गंधार ते निषाद एवढ्या जागेत गायलं जातं, आणि षड्ज फक्त ठोका धरायला येतो.

ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांच्या मनात संगीत नव्हतं. रेडिओवर माणसाचा आवाज जातो तो साधारण ३०० ते ३००० कंपनांच्या पट्ट्यात. चित्रही त्याच पट्ट्यातून नेता यावं एवढाच हिशेब. तरीही माझ्या आईला तिथे गंधार सापडला, आणि मला या छंदाचं दार तिथून उघडलं.

आपला जुना दूरदर्शनचा सिग्नल सेकंदाला २५ चित्रं पाठवायचा, प्रत्येकात ६२५ ओळी, आणि त्यासाठी ७ मेगाहर्ट्झ रुंदीची वाट लागायची. एसएसटीव्हीला ३ किलोहर्ट्झची वाट पुरते, म्हणजे दोन हजारांहून जास्त पटींनी अरुंद. इतक्या अरुंद वाटेनं चित्र न्यायचं तर एकच उपाय, सावकाश न्यायचं. मार्टिन वन या पद्धतीत ३२० बाय २५६ ठिपक्यांच्या एका रंगीत चित्राला ११४ सेकंद लागतात. स्कॉटी वनला ११०. रोबोट ३६ ला नावाप्रमाणे ३६ सेकंद, पण तिथे रंगात थोडी तडजोड असते. अवकाश स्थानकावरून बहुतेकदा पीडी १२० वापरतात: ६४० बाय ४९६ ठिपके, दोन मिनिटांच्या थोडं वर.

एवढ्या सावकाशीनं येणारं चित्र पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. आधी आकाशाची पट्टी येते. मग डोंगराची रेघ. मग कुणाच्या तरी टोपीचं टोक, आणि पुढचं अर्धं मिनिट टोपीखाली माणूस आहे की बुजगावणं याचा विचार करत बसायचं. आई तेवढ्यात सांगते, "आता अंधारात गेलं," किंवा "लख्ख झालं." तिचं चुकत नाही. अंधार गंधारावर असतो, उजेड निषादाशी.

एक गोष्ट तिनं माझ्याही आधी पकडली. पीडी पद्धतीत प्रत्येक ठोक्यानंतर चार तुकडे असतात: एका ओळीचा उजळपणा, मग रंगाचे दोन तुकडे, मग पुढच्या ओळीचा उजळपणा. रंगाच्या तुकड्यांत रंगच नसेल, म्हणजे चित्र नुसतं करडं असेल, तर स्वर १९०० वर स्थिर राहतो. हा कोमल धैवताच्या जरासा खाली. रंग आला की तो तिथून हलतो. एकदा एक चित्र चालू असताना आई म्हणाली, "मधला सूर उभाच आहे. हलतच नाही." मी पडद्यावर पाहिलं, जुना कृष्णधवल फोटो होता.

हे सगळं सुरू केलं कोपथॉर्न मॅकडोनाल्ड या माणसानं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात तो विद्यार्थी होता आणि १९५८ साली त्यानं आपला प्रयोग हौशी रेडिओच्या ‘क्यूएसटी’ मासिकात मांडला. आठ सेकंदांत १२० ओळींचं कृष्णधवल चित्र. अडचण अशी की आठ सेकंद चित्र धरून ठेवायचं कशात? तेव्हा संगणकाची स्मृती कुणाकडे होती! त्यानं युद्धानंतर स्वस्तात विकायला निघालेल्या रडारच्या नळ्या घेतल्या. त्यांच्या पडद्यावर असा लेप असतो की उमटलेला उजेड काही सेकंद पिवळसर रेंगाळतो. खोलीत अंधार करायचा आणि बघत बसायचं. खालची ओळ उमटेपर्यंत वरची विझायला लागलेली. चित्र पूर्ण असं कधी समोर नसेच, ते पाहणाऱ्यानं मनात पूर्ण करायचं. मला हा भाग फार आवडतो, आणि रोज पडद्याच्या कडेनं जग जुळवणाऱ्या आईला तो समजावून सांगावा लागला नाही.

अमेरिकेत या पद्धतीला नियमित परवानगी मिळायला १९६८ उजाडलं. पुढे रंग आले, चित्र साठवणारी यंत्रं आली, मग साध्या संगणकाच्या साउंडकार्डानं त्या यंत्रांची जागा घेतली. अवकाशातून हौशी रेडिओवर चित्रं पाठवली ती १९८५ साली ‘चॅलेंजर’ यानातून अंतराळवीर टोनी इंग्लंड यांनी. त्याच्या दोन वर्षं आधी ओवेन गॅरियट अवकाशातून हौशी रेडिओवर बोलणारे पहिले ठरले होते, आणि २००८ मध्ये त्यांचा मुलगा रिचर्ड अवकाश स्थानकावर गेला तेव्हा त्यानं तिथून अशीच सावकाश चित्रं खाली धाडली.

पण कानानं चित्र ओळखण्याची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हौशी लोकांची नाही. फेब्रुवारी १९६६. सोव्हिएत संघाचं लुना ९ हे यान चंद्रावर अलगद उतरलं. तोवर कुणाचंच यान तसं उतरलं नव्हतं. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण त्याचे सिग्नल ऐकत होती. ऐकता ऐकता तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की हा आवाज ओळखीचा आहे: वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या एकमेकींना तारेवरून फोटो पाठवतात तसा. ‘डेली एक्सप्रेस’च्या मँचेस्टर कचेरीतून फोटो घेणारं यंत्र मागवलं, त्याला सिग्नल जोडला, आणि यंत्रातून चंद्राची जमीन बाहेर आली. मॉस्कोनं जाहीर करायच्या आत ती चित्रं इंग्लंडात छापून आली. उंची-रुंदीचं प्रमाण थोडं चुकलं होतं, पण दगड दगडच होते. मी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल. तेव्हा ती मला यंत्राची गोष्ट वाटायची. आता वाटतं, त्या खोलीत कुणाचा तरी कान चांगला होता.

सुरुवात कशी करायची, हे मला आता बरेच जण विचारतात. परवाना नाही, रेडिओ नाही, गच्चीवर अँटेना नाही, अशा अवस्थेत मी सुरुवात केली, म्हणून तेच सांगते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठानं आपला एक रेडिओ इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवलाय. तो उघडायचा, १४.२३० मेगाहर्ट्झ लावायचे, यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड हा प्रसारणाचा प्रकार निवडायचा आणि थांबायचं. जगभरचे एसएसटीव्हीवाले बहुतेक याच जागी भेटतात. आपल्याकडे दुपार उलटली की युरोपात दिवस चांगला चढलेला असतो, तेव्हा बऱ्यापैकी वर्दळ असते. किरकिरणारा, पक्ष्यासारखा आवाज आला की फोनवरचं ॲप जवळ न्यायचं. संगणक असेल तर एमएमएसएसटीव्ही हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. चित्राआधी एक सेकंदाहून छोटा मुखडा येतो. त्यात पद्धतीचा क्रमांक दडलेला असतो, मार्टिन वनचा ४४, पीडी १२० चा ९५. सॉफ्टवेअर तो मुखडा ओळखून स्वतःच तयार होतं. मुखडा चुकला तर पद्धत हातानं निवडायची आणि उरलेलं चित्र मिळवायचं.

पहिले काही दिवस चित्रं तिरकी येतील. घराच्या भिंती कलतात, माणसं एका बाजूला झुकतात. त्याचं कारण घड्याळ. पाठवणाऱ्याच्या आणि आपल्या साउंडकार्डाच्या घड्याळात दहा लाखांत शंभराचा फरक असेल, तर मार्टिन वनच्या ११४ सेकंदांत तो ११ मिलिसेकंदांवर जातो, आणि तेवढ्यात २५ ठिपके सरकतात. सॉफ्टवेअरमध्ये हा तिरकेपणा काढायची सोय असते. एकदा नीट लावून घेतली की झालं.

दुसरी गोष्ट मात्र जपून करावी लागते, ती म्हणजे रेडिओ अचूक लावणं. साइडबँडवर आपण १०० हर्ट्झ इकडे-तिकडे राहिलो की सगळे स्वर तेवढेच सरकतात. एका संध्याकाळी एक इटालियन स्टेशन पीडी १२० वर चित्र पाठवत होतं आणि ते फिकट, धुतल्यासारखं येत होतं. मी ॲपला दोष देत बसले होते. आई म्हणाली, "गंधार उतरलाय." मी म्हटलं, "आई, सगळंच वर सरकलंय, उतरेल कसा?" ती म्हणाली, "सा चढलाय ते ऐकू येतंय मला. पण त्याच्या मानानं गंधार उतरलाय."

बरोबर होतं तिचं. १२००चे १३०० झाले आणि १५००चे १६००. दोन्हीत सारखीच भर पडली, पण स्वरांचं नातं बेरजेचं नसतं, गुणाकाराचं असतं. १६००ला १३००नं भागलं की सव्वा येत नाही. येतो त्याहून कमी, साधारण एका श्रुतीनं उतरलेला गंधार. मी माउसनं हळूहळू वारंवारिता सरकवत गेले. ती मान हलवत राहिली, आणि मग तंबोरा लागल्यावर उचलायची तसा तिनं हात उचलला. पडद्यावर त्याच ओळीपासून काळं काळं झालं. वरची अर्धी फिकट आणि खालची अर्धी खरी, असं ते चित्र माझ्याकडे आहे.

आम्ही फोनला आवाज अजूनही त्याच्या माइकवरूनच ऐकवतो. केबल लावली तर चित्र स्वच्छ येईल, सगळे सांगतात, आणि खरं आहे ते. पण केबल लावली की खोलीत आवाज उरत नाही. मग आईनं काय करायचं? त्यामुळे आमच्या चित्रांत घर उतरतं. कुकरची शिट्टी झाली की चित्रात आडवा पट्टा येतो. जिन्यावर कुणी हाक मारली की ठिपक्यांची रांग. आकाशाचे स्वतःचे डाग वेगळे असतात: दूरचं स्टेशन आयनांबरावरून, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या उंचावरच्या थरावरून, दोन वाटांनी आलं की कडा दुहेरी होतात, जुन्या टीव्हीवर सावली पडायची तशा. आणि सिग्नल अगदीच बसला की मुंग्या. त्या मुंग्यांसाठी वडील गच्चीवर चढून अँटेना फिरवायचे आणि मी जिन्यात उभी राहून "आलं, आलं, गेलं" ओरडायचे.

पाठवायचं असेल तर परवाना हवा. आपल्याकडे तो दळणवळण मंत्रालयाकडून परीक्षा देऊन मिळतो, आणि कुठल्या श्रेणीला काय चालतं हे नियमांच्या तक्त्यात पाहून घ्यावं. माझा अभ्यास सुरू आहे. तोवर मी लोक पाठवतात कसे ते बघते. आधी ते थांबून ऐकतात, कारण दोघांनी एकदम पाठवलं तर दोन्ही चित्रं मातीत जातात. मग चित्र, त्यावर स्वतःचं हाकनाम, म्हणजे कॉलसाइन. उत्तर देणारा अहवाल देतो, पाच-नऊ-पाच असा. शेवटचा पाच चित्राच्या दर्जाचा. आणि उत्तराच्या चित्रात एका कोपऱ्यात तो आधी मिळालेलं चित्र छोटं करून परत पाठवतो. त्यात त्याच्या आकाशाचे सगळे ओरखडे असतात. तुझा बगीचा माझ्या गावात असा दिसला, एवढंच तो सांगत असतो. एकदा कोपऱ्यातल्या त्या चित्राच्या कोपऱ्यात आणखी एक चित्र होतं. मी भिंग घेऊन बघत बसले.

अवकाश स्थानकावरून वर्षातून काही वेळा, काही दिवसच, चित्रांचं प्रसारण असतं. हौशी रेडिओचं अवकाश स्थानकावरचं काम पाहणारी ‘एरिस’ ही संस्था ते आधी जाहीर करते. त्यासाठी १४५.८०० मेगाहर्ट्झ एफएमवर ऐकायचं. स्थानक आपल्यावर आलं की साधा हातातला रेडिओही ते पकडतो, पण मी एक अँटेना केला: पाण्याच्या पाइपाचे तुकडे आणि पोलादी मोजपट्टीचे कापलेले तुकडे. दिशा दाखवतो, गुंडाळून कपाटात राहतो.

त्या संध्याकाळी आईला गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवलं. स्थानक सज्जनगडाच्या बाजूनं वर येणार होतं आणि जरंडेश्वराकडे मावळणार होतं, जास्तीत जास्त दहा मिनिटांत. जमिनीपासून ४०० किलोमीटरवरून, पृथ्वीला दीड तासात एक फेरी मारत. आधी खरखर. मग खरखर दबली, जशी कुणी वर चादर टाकावी, आणि सा.

येताना आणि जाताना स्थानकाच्या प्रसारणाची वारंवारिता तीन-साडेतीन किलोहर्ट्झनं सरकते. मी आईला सांगून ठेवलं होतं की वेगामुळे असं होतं, माहुलीच्या स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "सा कुठे हलतोय?" एफएममध्ये नाही हलत. स्वर वाहून नेणारी रेडिओलहर सरकते, तिच्यावर बसलेला स्वर तिथेच असतो. हे मी मुलांना फळ्यावर सिद्ध करून दाखवलंय, आणि तरी त्या क्षणी मलाही नवीन वाटलं.

तिची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. ठोका साधारण अर्ध्या सेकंदाला, एका चित्रात २४८ ठोके. पहिलं चित्र संपलं तेव्हा तिचा हात हवेत राहिला. "समेवर नाही, खालीच्या मात्रेवर सोडलं," ती म्हणाली. नंतर मी हिशेब केला: सोळा मात्रांच्या तीनतालाची साडेपंधरा आवर्तनं, म्हणजे पुढची मात्रा नववी, खाली. मार्टिन वनच्या ओळी २५६ असतात, सोळा आवर्तनं पुरी, आणि पुढची मात्रा सम. तिला मार्टिन का आवडतं ते मला तेव्हा कळलं.

दोनेक मिनिटं शांतता. मी पट्ट्यांचा अँटेना अजिंक्यताऱ्यावरून फिरवत होते. दुसरं चित्र सुरू झालं आणि ते फार सुरेख आलं, एकही मुंगी नाही. वरचा भाग काळाभोर, अवकाशाचा. बराच वेळ नुसता गंधार. मग पृथ्वीची कड आली, आणि स्वर एकदम निषादाकडे गेला. आई मोठ्यानं म्हणाली, "वा!"

एका मात्रेचा वा. पीडी १२० मध्ये एका ठोक्यात दोन ओळी होतात, म्हणून तो त्या चित्रात दोन ओळींचा आहे, निळ्या कडेच्या जरा खाली, विस्कटलेल्या ठिपक्यांचा. सॉफ्टवेअरनं डाग पुसता येतात. मी तो पुसलेला नाही.

तिसरं चित्र एक चतुर्थांश आलं आणि जरंडेश्वरामागे गेलं. खरखर परत वर आली. मी फोन आईच्या चेहऱ्याच्या बाजूला, तिला जिथे दिसतं तिथे धरला, आणि ती बराच वेळ मान तिरकी करून त्या निळ्या कडेकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "परत कधी?"

"दीड तासानं. पण पश्चिमेला, यवतेश्वरावरून, बरंच खालून."

"मग खुर्ची तिकडे फिरव," ती म्हणाली, "आणि माझी शाल आण."